प्रत, कुलूप आणि वाचकाचे उत्तरदायित्व

१

साहित्यकृती कोठे असते, हा सौंदर्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे. चित्र एका फलकावर असते, शिल्प एका दगडात असते. कादंबरी किंवा कविता मात्र अशी एका जागी सापडत नाही. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात हा भेद नेमकेपणाने मांडला. काही कलांमध्ये मूळ आणि बनावट यांतील फरक निर्णायक असतो. इतर काही कलांमध्ये बिनचूक उतरवलेली प्रत्येक प्रत ही ती कृतीच असते. साहित्य या दुसऱ्या वर्गात मोडते. एखाद्या कवितेची हस्तलिखित प्रत, छापील प्रत आणि संगणकाच्या पडद्यावर उमटलेली प्रत यांच्यात कागद, शाई आणि प्रकाश यांचा फरक असतो. कवितेचा फरक नसतो. याचा अर्थ असा, की प्रत होणे हा साहित्यकृतीवर बाहेरून ओढवणारा प्रसंग नाही. तो तिच्या अस्तित्वाचा प्रकार आहे.

हे मान्य केले, तर गेल्या तीन दशकांत रूढ झालेल्या एका व्यवहाराकडे साहित्यविचाराने अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. ग्रंथ, प्रबंध, नियतकालिकांचे अंक आता फाइलच्या रूपाने वाचकापर्यंत पोहोचतात, आणि त्यांपैकी पुष्कळ फाइलींना कुलूप असते. मजकूर पडद्यावर दिसतो, पण त्यातला उतारा उचलता येत नाही. पान वाचता येते, पण छापून घेता येत नाही. या व्यवहाराची चर्चा सामान्यतः दोन पक्षांत वाटली जाते : एका बाजूस लेखक-प्रकाशकांचा हक्क, दुसऱ्या बाजूस वाचकाची सोय. अशी विभागणी केली, की प्रश्न आर्थिक तडजोडीचा होतो आणि त्यातला नैतिक आशय नाहीसा होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. कायदा वाचकाला सांगतो, ‘हे करू नये’. कुलूप सांगते, ‘हे करता येणार नाही’. वरवर पाहता दुसरे विधान हे पहिल्याचेच अधिक परिणामकारक रूप वाटते. वस्तुतः ती दोन भिन्न प्रकारची विधाने आहेत. पहिले विधान वाचकाला नैतिक कर्ता मानते, दुसरे मानत नाही. आणि साहित्यव्यवहार ज्या वाचकावर उभा आहे, तो पहिल्या विधानातला वाचक आहे.

२

येथे मराठीतील शब्दांकडे थोडे लक्ष द्यायला हवे, कारण प्रश्नाचे बरेचसे धूसरपण शब्दांतून आलेले आहे. मराठीत ‘प्रत’ आहे, ‘नक्कल’ आहे, ‘उतारा’ आहे, आणि आता ‘कॉपी’ही आहे. ‘प्रत’ या शब्दाला दोषाचा वास नाही. पुस्तकाच्या हजार प्रती निघाल्या असे आपण समाधानाने म्हणतो. ‘नक्कल’ कचेरीत जाते तेव्हा प्रमाणित दस्तऐवज होते आणि रंगमंचावर जाते तेव्हा विडंबन होते. ‘उतारा’ हा समीक्षकाच्या आणि शिक्षकाच्या रोजच्या कामातला शब्द आहे. ‘कॉपी’ मात्र आपल्याकडे परीक्षागृहाच्या वाटेने रुळली. ‘कॉपी केली’ एवढे म्हटले की अपराध सूचित होतो. संगणकाने या सर्व कृती ‘कॉपी’ या एकाच शब्दाखाली आणल्या, आणि त्यासोबत त्या शब्दाला चिकटलेला संशयही उतारा घेणाऱ्यावर येऊन बसला.

‘सुरक्षा’ या शब्दाचेही असेच झाले आहे. संहितेचे रक्षण ही कल्पना नवी नाही, पण रक्षण कशापासून, हे परंपरेत प्रत्येक वेळी वेगळे होते. हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक जी विनवणी करी, तिच्यात तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून पोथी जपावी असे सांगितलेले असे. हे वस्तूचे रक्षण होय. ती पोथी कोणी उतरवून घेऊ नये, असे त्यात अभिप्रेत नव्हते; ग्रंथ लिहवून दान करणे हे उलट पुण्यकर्म मानले जाई.

दुसरे रक्षण संहितेच्या शुद्धतेचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये असा कडक इशारा दिला. त्यांना भय होते ते ज्ञानेश्वरांच्या नावावर दुसऱ्याचे बोलणे खपण्याचे. ग्रंथाचा प्रसार त्यांना हवाच होता. त्यांचे रक्षण प्रती वाढाव्यात आणि त्या निर्दोष असाव्यात यासाठी होते.

तिसरे रक्षण प्रवेशाचे, आणि आजच्या कुलपाचा खरा पूर्वज तेथे सापडतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह योजण्याची ही पद्धत म्हणजे आजच्या भाषेत कूटबद्ध संहिताच होय. पंथाबाहेरच्यांनी पवित्र वचन वाचू नये, त्याची विटंबना होऊ नये, हा तिचा हेतू. परिणाम दुहेरी झाला. पंथाच्या आत प्रतींची परंपरा निष्ठेने चालू राहिली, पाठभेदांची नोंद झाली, आणि एक विलक्षण गद्य टिकून राहिले. पंथाबाहेर मात्र ते गद्य शतकानुशतके जणू अस्तित्वातच नव्हते. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत या लिप्यांची उकल झाली, १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ संपादून छापले, आणि मराठी गद्याचा इतिहास मागे जाऊन नव्याने लिहावा लागला. कुलपामुळे संहिता वाचलीही आणि हरवलीही, असे या उदाहरणाबाबत म्हणावे लागते.

तरीही महानुभावांचे कुलूप आणि आजचे कुलूप यांत एक मूलभूत फरक आहे. सकळ लिपीची किल्ली ज्याला मिळे, त्याच्यावर पंथाचा विश्वास असे. तो आतला माणूस होता; कुलूप बाहेरच्यासाठी होते. डिजिटल ग्रंथाच्या बाबतीत किल्ली आणि कुलूप एकाच व्यक्तीच्या हाती दिले जाते. ज्याने किंमत मोजली तो वाचक आणि ज्याच्यापासून ग्रंथ जपायचा तो चोर, ही दोन्ही पदे एकाच माणसाला लागू केलेली असतात. वाचकाला वाचता आले पाहिजे म्हणून संहिता त्याच्यापुढे उलगडावी लागते, आणि ती उलगडताक्षणीच त्याच्यापासून लपवावीही लागते. या कुलपांच्या तांत्रिक दुर्बलतेचे मूळ या विसंगतीत आहे. त्यांच्या नैतिक दुर्बलतेचेही मूळ येथेच आहे.

३

पीडीएफ या सर्वपरिचित स्वरूपाचे उदाहरण घेऊ. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये ते प्रचारात आणले. २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात दोन पासवर्डांची सोय असते. पहिल्यावाचून फाइल उघडतच नाही. तेथे मजकूर खरोखर कूटबद्ध राहतो. दुसरा मालकाचा. तो लावला, तर फाइल कोणालाही उघडता येते, पण छपाई, बदल, मजकूर उचलणे यांवर निर्बंध घालता येतात. हे निर्बंध म्हणजे फाइलीत नोंदवलेल्या काही खुणा असतात. फाइल एकदा उघडली, की मजकूर वाचक-प्रणालीपुढे पूर्णपणे खुला असतो. छपाई नाकारायची ती प्रणालीने, त्या खुणांना मान देऊन. मान न देणारी प्रणाली लिहिली, तर अडवणारे दुसरे काही नसते.

म्हणजे ज्याला कुलूप म्हटले जाते, ती प्रत्यक्षात एक विनंती आहे. पोथीच्या अखेरच्या विनवणीचीच ती आजची आवृत्ती म्हणता आली असती. पण एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पोथीतली विनवणी वाचकाला उद्देशून होती. पीडीएफमधली विनंती यंत्राला उद्देशून आहे. वाचकाला ती वाचता येत नाही, पटवून घेता येत नाही, आणि सकारण नाकारताही येत नाही; त्याला फक्त करड्या रंगाची, दाबली न जाणारी आज्ञा दिसते. लेखक आणि वाचक यांच्यात जे बोलणे व्हायला हवे होते, ते दोन यंत्रांमध्ये परस्पर उरकले जाते.

या यंत्राला हेतू कळत नाही. प्रबंधासाठी चार ओळी उचलणारा विद्यार्थी आणि सारा ग्रंथ उचलून विकणारा चोर यांची पहिली हालचाल सारखीच असते. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन-रीडर मजकूर उच्चारण्यासाठी तो उचलतो. निर्बंधाच्या दृष्टीने तीही ‘कॉपी’च. पुढे पीडीएफमध्ये या वाचकांसाठी वेगळी खूण आली, पण तीही बंद ठेवण्याची मुभा होती. २०१७ च्या सुधारित मानकाने ती मुभा काढून घेतली. मधल्या काळात एखाद्याला ग्रंथ ऐकू द्यायचा की नाही, हे एका खुणेवर अवलंबून राहू शकत होते. २००० च्या सुमारास अडोबीच्या ई-ग्रंथरूपात उपलब्ध असलेल्या ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या परवान्यात हे पुस्तक मोठ्याने वाचता येणार नाही अशी नोंद आढळली, तेव्हा तिचा बराच उपहास झाला. ती नोंद प्रणालीतल्या वाचून दाखवण्याच्या सोयीपुरती आहे, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा खरा होता. परंतु १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि केव्हाच सार्वजनिक झालेल्या ग्रंथावर असा निर्बंध येऊ शकतो, हे त्यातून दिसलेच. स्वामित्वाला कायद्यात मुदत असते. आपल्याकडे ती लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आहे; साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) साहित्य २०११ च्या आरंभी सर्वांचे झाले. कुलपाला मात्र लेखकाची मृत्युतिथी ठाऊक नसते.

४

अनधिकृत मुद्रणात नेमके अनैतिक काय आहे, या प्रश्नाचा सखोल विचार इमॅन्युएल कांट यांनी १७८५ च्या एका छोट्या निबंधात केला होता. त्यांच्या मते ग्रंथाला दोन बाजू असतात. वस्तू म्हणून तो विकत घेणाऱ्याचा असतो. त्याच वेळी तो लेखकाने वाचकवर्गाशी केलेले भाषण असते, आणि प्रकाशक हा त्या भाषणाचा लेखकाने नेमलेला वाहक असतो. परवानगीवाचून ग्रंथ छापणारा लेखकाच्या नावाने, पण त्याच्या संमतीवाचून, लोकांशी बोलतो; अपराध आहे तो यात. कांट यांची ही मांडणी आजही उपयोगी पडते, कारण ती अपराध प्रत करण्याच्या कृतीत पाहत नाही. ती पाहते प्रकाशनाच्या कृतीत. वहीत उतारा घेणारा वाचक लेखकाच्या वतीने कोणाशी बोलत नाही. तो लेखकाचे अधिक लक्षपूर्वक ऐकत असतो.

ही सीमारेषा छापील ग्रंथाच्या काळात फारशी ताणली गेली नाही, कारण वाचणे आणि प्रत करणे या निराळ्या कृती होत्या. संगणकाने त्या एक केल्या. फाइल उघडली, की साठवणीतला मजकूर स्मृतीत उतरवला जातो आणि स्मृतीतून पडद्यावर. वाचनाचा पहिला क्षण हाच प्रत होण्याचा क्षण असतो. म्हणून डिजिटल माध्यमात प्रत करण्यावरील पूर्ण नियंत्रण हे अपरिहार्यपणे वाचनावरील नियंत्रण होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ मध्ये ‘द राइट टू रीड’ या कथेत पुस्तक दुसऱ्याला वाचायला देणेच गुन्हा ठरलेला समाज कल्पिला, तेव्हा ती अतिशयोक्ती वाटली असेल. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या विकलेल्या काही प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून दूरस्थपणे काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसे परत मिळाले, कंपनीने क्षमाही मागितली. पण आपली टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली, अशी तक्रार घेऊन एक विद्यार्थी न्यायालयात गेला. पुढे तडजोड झाली. टिपण हे वाचकाने संहितेला दिलेले उत्तर असते. संहिता काढून घेतली, की उत्तर कशाचे, हेच उरत नाही. ग्रंथ विकत घेतल्यावरही तो वाचकाचा झालेला नसतो, हे या घटनेने उघड केले.

५

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? येथे अमेरिका आणि भारत यांची तुलना उद्बोधक आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार प्रवेश नियंत्रित करणारे कुलूप तोडणे आणि ते तोडण्याची साधने विकणे हे स्वतंत्र अपराध ठरले. कशासाठी तोडले, याचा विचार मुख्यतः अपवादांच्या यादीवर सोडला गेला, आणि त्यातली एक यादी दर तीन वर्षांनी नव्याने ठरते. जुलै २००१ मध्ये द्मित्री स्क्ल्यारोव या रशियन संगणकतज्ज्ञाला लास वेगास येथे अटक झाली. अडोबीच्या ई-ग्रंथांचे निर्बंध दूर करणारी प्रणाली त्याने आपल्या कंपनीसाठी लिहिली होती, आणि तिच्यामागील दुर्बलतांविषयी परिषदेत व्याख्यान दिले होते. रशियात हे बेकायदेशीर नव्हते. अडोबीने पुढे खटल्याचा आग्रह सोडला, आणि डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरवले. कायदा जाणूनबुजून मोडण्याचा हेतू होता की नाही, हा त्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता. हेतूचा प्रश्न असा अखेर परतलाच. पण एका माणसाच्या तुरुंगवासानंतर.

भारताच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने जो तांत्रिक संरक्षण मोडतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. ‘हेतूने’ हा शब्द येथे निर्णायक आहे. याच कायद्याच्या कलम ५२ ने संशोधनासह खाजगी उपयोग, समीक्षा, अध्यापन आणि अपंग व्यक्तींचे वाचन यांना मोकळीक दिली आहे. कायद्याने निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी केलेली कृती ६५अ च्या कक्षेत येत नाही. दृष्टिहीनांसाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दाव्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठीच्या प्रतींच्या बाजूने निर्णय दिला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आपला कायदा, निदान तत्त्वतः, कांट यांच्या सीमारेषेच्या जवळ उभा आहे.

परंतु कायद्याने दिलेली मोकळीक कुलपाला वाचता येत नाही. दावा झेरॉक्सच्या यंत्राबाबत होता म्हणून तो चालला तरी. त्या प्रकरणांच्या फाइलींना कुलूप असते, तर प्रतच निघाली नसती आणि न्यायालयापुढे प्रश्नही आला नसता. हक्क आहे, कृती अपराध नाही, आणि तरी साधारण अभ्यासकाला ती करता येत नाही, अशी ही स्थिती आहे. न्यायाधीशाच्या आधीच कुलूप निकाल देऊन मोकळे होते, आणि त्या निकालावर अपील नसते.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठीत आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आसपास असते. नव्या पुस्तकाची पीडीएफ वाचकगटांतून फिरू लागली, की विकल्या जाऊ शकणाऱ्या थोड्याशा प्रतींतल्याही काही बुडतात. ती फाइल पाठवणारा बहुतेक वेळा ‘वाचनसंस्कृती’चे नाव घेतो. अशा वेळी वाचकाच्या नैतिक स्वातंत्र्याची भाषा म्हणजे लेखकाच्या श्रमांवर दिलेले दान नव्हे काय?

आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. पुढे पाठवण्याची ती कृती अनैतिक आहे, हेही खरे. शेकडो लोकांना फाइल पाठवणारा वाचक उरलेला नसतो, तो लेखकाने न नेमलेला प्रकाशक झालेला असतो. पण यावरून कुलपाचे समर्थन होत नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा येते : अदृश्य होता येत असेल, तर माणूस न्यायाने का वागेल? डिजिटल माध्यमाने ती अंगठी प्रत्येकाच्या बोटात घातली आहे. तिच्यावर तीन उत्तरे संभवतात. पहिले, हात बांधणे. हे कुलपाचे उत्तर. दुसरे, अंगठी काढून घेणे. विकत घेणाऱ्याची ओळख फाइलीत जलचिन्हाने उमटवायची आणि मग ती त्याच्या हाती मोकळी द्यायची. २०१२ मध्ये ‘हॅरी पॉटर’च्या ई-ग्रंथांसाठी हा मार्ग स्वीकारला गेला. तो कुलपापेक्षा बरा आहे, कारण तो वाचकाला कर्ता मानतो आणि नंतर जाब विचारतो. मात्र कोणी काय वाचले याची नोंद ठेवणारी व्यवस्था उद्या त्या नोंदीचे काय करील, ही शंका त्याच्यासोबत येते. तिसरे उत्तर, अंगठी असूनही न्यायाने वागणे. ते अव्यवहार्य वाटते. पण छापील ग्रंथाचा व्यवहार बऱ्याच अंशी त्याच्यावरच चालत आला. झेरॉक्सची दुकाने गल्लोगल्ली असतानाही पुस्तके विकली गेली, कारण पुस्तक विकत घेणे योग्य, असे पुरेशा वाचकांना वाटत होते.

हे वाटणे जोपासावे लागते, आणि कुलूप ते जोपासू शकत नाही. ज्याला चोरी करताच येत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी काही बोलता येत नाही. आणि ज्याला प्रत्येक पानावर संशयित म्हणून वागवले जाते, त्याला कुलूप तुटल्यावर थांबण्याचे कारण उरत नाही. कुशल चोर निर्बंध सहज दूर करतो. अडतो तो नियम पाळणारा वाचक. त्यामुळे आजची व्यवस्था प्रामाणिकपणाला शिक्षा देते आणि कौशल्याला बक्षीस, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

७

समीक्षेचा या प्रश्नाशी असलेला संबंध केवळ सोयीचा नाही. समीक्षक जे विधान करतो, त्याला आधार असतो संहितेतील शब्दांचा, नेमक्या त्याच शब्दांचा. अवतरण हे समीक्षेचे प्रमाण आहे. ते देता येत नाही, तेथे समीक्षा अभिप्रायाच्या पातळीवर उतरते, आणि वाचकाने समीक्षकावर केवळ विश्वास ठेवावा लागतो. शिवाय अवतरण ताडून पाहायला संहिता हाती राहावी लागते. महानुभावांच्या ग्रंथांना राजवाड्यांची आणि भाव्यांची वाट पाहावी लागली, पण त्या पोथ्या तरी हातात होत्या. परवाना संपताच विरून जाणाऱ्या फाइलीबाबत उद्याच्या संशोधकाला उकलण्यासाठी काय उरेल?

लेखकाने वाचकाकडून मागणी करू नये, असा याचा अर्थ नाही. माझे पुस्तक वाटू नकोस, विकत घे, माझ्या नावाने दुसऱ्याचे शब्द खपवू नकोस, असे तो हक्काने सांगू शकतो. कायद्याचे साहाय्यही त्याला मिळायला हवे. मात्र ही मागणी वाचकाला उद्देशून, त्याला कळणाऱ्या भाषेत असावी. ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापलेली साधी सूचना, जी मोडता येते आणि म्हणूनच पाळताही येते, ही कुलपापेक्षा दुर्बल असली तरी तिच्यात लेखक वाचकाशी बोलत असतो. आणि आपल्यापर्यंत आलेली फाइल पुढे पाठवायची की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी त्या सूचनेनंतर सर्वस्वी वाचकाची असते.